मालवण: भरती-ओहोटी बघून आखायची तीन मुक्कामांची सहल

मालवणला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, त्सुनामी बेट आणि डॉल्फिन असं सगळं एका दमात उरकायचं, रविवारी दुपारी सुरमई थाळी हाणून परतीला लागायचं. असा बेत जमतो, पण त्यात निम्मा वेळ धक्क्यावरच्या रांगेत जातो, पाण्यात उतरलो की ते ढवळलेलं असतं, बेटावर पोचावं तर बेट कमरेइतक्या पाण्याखाली, आणि ताटातला मासा कधीचा हे विचारायची सोय नाही. मालवणातला दिवस भरती, ओहोटी आणि वाऱ्यावर चालतो. ती वेळ सांभाळली की याच गोष्टी निम्म्या धावपळीत आणि दुप्पट चांगल्या होतात. त्यासाठी काय, कुठल्या क्रमानं करायचं ते सांगतो.

आधी महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत भरवशाचा काळ. हवा कोरडी, समुद्र शांत, सकाळी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. यातून २४ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस सरळ वगळा. देवबागला जाणारा रस्ता एकच आणि अरुंद आहे, त्या आठवड्यात तिथं गाडी अडकली की जेवणाची वेळ टळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक गोष्ट आवर्जून तपासा, ती म्हणजे आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल मिळाल्यावर तारीख जाहीर होते आणि मग मुंबईचे चाकरमानी लाखांनी उतरतात. जत्रेलाच जायचं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर त्या चार दिवसांत ना रेल्वेचं तिकीट मिळतं ना खोली.

एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो, गर्दी असते, पण हापूस, फणस, ओल्या काजूगरांची उसळ आणि रस-शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) याच दिवसांत. खाण्यासाठी जाणार असाल तर मी मे महिन्याचा पहिला आठवडा सुचवीन. महिनाअखेरीस लाटा मोठ्या व्हायला लागतात आणि किल्ल्याची होडी कधी बंद होईल याचा नेम राहत नाही.

पावसाळ्यात किल्ल्याची वाहतूक बंद असते, साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. या दिवसांत कोणी ‘ताजी सुरमई’ म्हणून वाढली तर ती बर्फातली समजावी. मालवण तेव्हाही सुंदर असतं, पण ती सहल वेगळी: हिरवे सडे (कातळाची पठारं), धामापूरचा तुडुंब तलाव, सुकटीची चटणी, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, नारळ लढवण्याच्या पैजा लागतात, आणि तिथून पुढे नवा हंगाम धरायचा.

मग तिथी

तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरवर वाराबरोबर तिथीही बघा. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे भरती मोठी, ओहोटीही खोल आणि पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी, ओढ कमी, तळ कमी ढवळतो.

तिसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट दिसतो. अकरा-बारानंतर पश्चिमेचा खारा वारा सुटतो आणि पाण्यावर खरबरीत लाटा उठतात. होडीवाला सकाळी साडेदहालाच पश्चिमेकडे बघून “वारो सुटलो, आता पाणी ढवळतलां” म्हणाला तर तो तुम्हाला टाळत नसतो. पाण्याखालचं काही बघायचं असेल तर ते सकाळी दहाच्या आत.

आता हे तीन हिशेब एकत्र करा. पाण्याखाली उतरायला सकाळची भरती हवी, कारण ओहोटीत कोळंब आणि कर्ली या खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर येतं. वाळूच्या बेटासाठी ओहोटी हवी. दशमीला साडेसातला भरती आणि दीड वाजता ओहोटी. म्हणजे सकाळी आठला पाण्याखाली, दुपारी बेटावर. भांग उलटून दोनच दिवस झालेले, त्यामुळे ओढही बेताची. द्वादशीही चालते. मधली एकादशी मात्र सोडा: हिशेब चोख बसतो, पण काही घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत आणि तुमचा एक दिवस साबुदाण्यावर जातो. हाच नियम सोमवार, संकष्टी आणि श्रावणाला. खानावळी चालू असतात, पण घरगुती मुक्कामात यजमानांचे वार आधी विचारून घ्यावेत.

थोडक्यात, मंगळवार ते शुक्रवारमध्ये दशमी येईल असा आठवडा शोधा. दर पंधरवड्याला एक दशमी येते, त्यामुळे हे वाटतं तितकं अवघड नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून रेल्वेच बरी. मालवणला स्टेशन नाही. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कणकवली जरा लांब पडते. रात्रीची कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते, आणि हीच गाडी सर्वांत सोयीची, कारण पहिला दिवस हाताशी राहतो. तुतारी आणि मांडवी हे दुसरे पर्याय. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या हंगामात ते उघडल्या दिवशीच संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा पुढची जोडगाडी तंग ठेवू नका.

कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. एसटीनं जायचं तर आधी कुडाळच्या स्थानकावर जावं लागतं. सामान कमी असेल तर एसटीच घ्या. नेरूरपार, धामापूर, चौके असा तो रस्ता आहे आणि खिडकीतून कोकण बघायला याहून चांगली जागा नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर धामापूरला थांबा. १५३० च्या सुमाराला बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. अर्धा तास पुरतो, पण तो घाईत घालवू नये.

पुणे-कोल्हापूरकडून येणारे गगनबावडा किंवा फोंडा घाटानं उतरतात. निघण्याआधी कुठला घाट चालू आहे ते बघा, पावसानंतर दुरुस्तीची कामं निघतात. विमानानं यायचं तर चिपीचा विमानतळ जवळचा, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला, पण तिथल्या फेऱ्यांवर बेत बेतू नका. गोव्याच्या मोपा विमानतळावरून दोन तासांच्या आसपास गाडीचा रस्ता आहे आणि तिथं विमानं भरपूर.

राहायचं कुठं

इथं तीन पर्याय आहेत. मालवण शहर, तारकर्ली आणि देवबाग.

शहरात राहिलात तर बंदर, मासळी बाजार, खानावळी, एसटी स्थानक सगळं पायाखाली. तारकर्ली सहा-सात किलोमीटर दक्षिणेला, लांब पांढरा किनारा, सुरूची झाडं, पर्यटन महामंडळाचं निवास. देवबाग त्याच्याही पुढं, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी जमिनीची चिंचोळी पट्टी. बेटावर जाणाऱ्या होड्या तिथून सुटतात.

माझं मत: पहिल्यांदा जाणाऱ्यानं शहरात किंवा दांडी-वायरीच्या पट्ट्यात राहावं. किल्ल्याच्या पहिल्या होडीला चालत जाता येतं, रात्री जेवायला गाडी काढावी लागत नाही. तारकर्लीचा समुद्र सुंदर आहे, पण तो संध्याकाळी जाऊनही बघता येतो. शांतता एवढंच हवं असेल तर उत्तरेला तळाशील-तोंडवळीकडे बघा. तिथंही गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी आहे, माडांची दाटी आहे आणि वॉटर स्पोर्ट्सचे भोंगे नाहीत. तिथं जेवणाची व्यवस्था मात्र आधी बोलून ठेवावी लागते.

खोली ठरवताना ‘निवास-न्याहारी’ पाटी असलेलं घर बघा आणि फोनवर तीन गोष्टी विचारा: रात्रीचं जेवण घरात मिळतं का, बाजारातून मासे आणले तर करून देता का, आणि वीज गेली तर पंख्याची सोय काय. तिसरा प्रश्न एप्रिलनंतर फार महत्त्वाचा होतो.

पहिला दिवस: किल्ला

गाडीतून उतरून, न्याहारी करून लगेच किल्ल्याकडे निघायची घाई करू नका. दुपारचं जेवण, झोप, आणि तीन-साडेतीनला धक्क्यावर. किंवा त्याहून चांगलं, मोकळ्या ठेवलेल्या तिसऱ्या दिवशी सकाळची पहिली होडी. दहानंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि रांग लांबते.

होडीचं तिकीट बंदर धक्क्यावर मिळतं, दर फलकावर लिहिलेले असतात, घासाघीस लागत नाही. पंधरा मिनिटांत होडी लावते. लाईफ जॅकेट नुसतं खांद्यावर टाकायचं नसतं, बंद लावायचे. आणि एक गोष्ट चढण्याआधीच बोलून घ्या. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. तासाभरात देवळं होतात, तट होत नाही. उशिराच्या होडीनं परत येणार असल्याचं आधी सांगितलं तर सोय होते. तुमच्या होडीचं नाव लक्षात ठेवा, परतताना त्याच नावानं पुकारा होतो.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला झाली आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा कुरटे बेटाची, सुमारे ४८ एकर. भूमिपूजन झालं ते किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. दांडीच्या बाजूला हा खडक आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेत. बहुतेक लोक किल्ला बघून जातात आणि धोंडा राहतो. संध्याकाळी चालत जाऊन बघा.

होडीतून जवळ जाताना दरवाजा शोधायचा प्रयत्न करा. सापडत नाही. तट आत वळवून दरवाजा त्या वळणात लपवलाय, त्यामुळे होडी अगदी समोर येईपर्यंत नुसती भिंत दिसते. परक्या गलबताला तोफ कुठं रोखावी हे कळू नये, हा त्यामागचा विचार. आत शिरल्यावर वरच्या बाजूला दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटवलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते शिवाजी महाराजांचे असं सांगतात. पुढे शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. इथली मूर्ती नेहमीच्या चित्रांपेक्षा वेगळी, दाढी नसलेली, डोक्यावर दर्यावर्दी माणसासारखी टोपी. तिच्याकडे जरा वेळ बघत थांबा, मागची रांग ढकलत असली तरी.

मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि या तीन विहिरींना गोडं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातलं कोकम सरबत घ्या, घरांत डोकावून फोटो काढू नका. उरलेला वेळ पश्चिमेच्या तटावर घाला. तिथं लोक पोचत नाहीत. खाली लाट फुटते ती थेट तटाच्या पायावर, आणि साडेतीनशे वर्षं हा पाया तो मार खातोय हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. तटाला कठडा सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. टोपी आणि पाणी हवंच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं त्यांत सिंधुदुर्ग आहे, तेव्हा गर्दी वाढणार हे धरून चाला.

परत आल्यावर किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्याकडे चक्कर मारा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला शिवरायांचा पुतळा कोसळला होता, त्या जागी २०२५ मध्ये नवा उभा राहिला. तिथून सिंधुदुर्गाचं दर्शन चांगलं होतं. मेढ्यातलं जय गणेश मंदिर, ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांनी बांधलेलं, वाटेवरच आहे.

दुसरा दिवस, सकाळ: पाण्याखाली

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. किल्ला आणि शेजारचा पद्मगड हे त्याच्या गाभ्यात येतात. पद्मगडाच्या आणि किल्ल्याच्या मधल्या उथळ पाण्यात खडकांवर प्रवाळ आहे आणि त्याभोवती लहान रंगीत मासे. अंदमानचं निळं पारदर्शक पाणी डोळ्यांपुढं ठेवून गेलात तर निराश व्हाल. इथं चांगल्या दिवशी काही मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हातही धूसर. म्हणून तर सगळी तिथी-वाऱ्याची कसरत.

पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक मागून धरून खाली नेतो. पण पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? एका प्रशिक्षकामागे किती माणसं? आधी उथळ पाण्यात सराव देणार की थेट बुडवणार? आणि होडीत प्राणवायूचं सिलिंडर व प्रथमोपचार आहेत का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला तर दुसरीकडे जा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नीट शिकायचं असेल, दोन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करायचा असेल, तर तिथं चौकशी करा.

दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, साधी सर्दी यांपैकी काही असेल तर उतरू नये. सर्दीत कानाचा दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. दहा वर्षांखालच्या मुलांना वरच्यावर स्नॉर्केलिंग पुरे. स्कूबानंतर विमानप्रवास किमान १२ तास टाळा, एकाहून जास्त वेळा उतरला असाल तर १८ तास. परतीचं विमान मोपाहून असेल तर हा हिशेब आदल्या दिवशीच करायचा.

मासे जमावेत म्हणून काही जण पाण्यात पाव आणि बिस्किटं टाकतात. तुम्ही टाकू नका, कोणी हातात दिला तर नको म्हणा. प्रवाळावर पाय टेकवू नका. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलणं अभयारण्यात गुन्हा आहे.

आणि किनाऱ्यावरच्या पाण्याबद्दल. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची होडी उलटून दोघे गेले. समुद्र शांत दिसतो तेव्हाही ओहोटीत आत ओढतो. गुडघ्यापेक्षा खोल जाण्याआधी एखाद्या स्थानिकाला विचारा, आणि होडी भरलेली वाटली तर पैसे सोडा आणि उतरा.

दुसरा दिवस, दुपार: कर्लीची खाडी आणि वाळूचं बेट

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या संगमावर वाळूचा पट्टा वर आलाय, तेच त्सुनामी बेट. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात. पाऊस आणि लाटा दरवर्षी त्याचा आकार बदलतात. पूर्ण भरतीत ते बुडतं, ओहोटीत पाऊल टेकवण्याजोगं होतं. म्हणून ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरायला लागलं की निघायचं.

बेटावर जेट स्की, बनाना राइड वगैरेची जत्रा असते. मुलं सोबत असतील तर ती खूश होतील. मला विचाराल तर त्यातली मजा दहा मिनिटांची. होडीवाल्याला सांगा की बेटावर अर्धा तास, बाकीचा वेळ खाडीत आत न्या. कांदळवन, खंड्या, बगळे, माडांच्या सावलीतली घरं, आणि वारा लागत नसल्यानं पाणी निवांत. पलीकडे भोगव्याचा किनारा आणि निवतीचा किल्ला दिसतो.

डॉल्फिन बघायला सकाळीच निघावं लागतं आणि ते दिसतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. हमी देणाऱ्यापासून लांब राहा. निवतीच्या पुढं समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक आहेत. दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी. ही लांबची फेरी आहे, समुद्र अगदी सपाट असेल आणि मोठी होडी असेल तरच बोला.

मासे: बघायचे, विकत घ्यायचे, खायचे

आता मुख्य विषय. सकाळी उजाडता दांडीच्या किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडलेलं असतं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर. दोन्ही बाजूंना माणसं रांगेनं उभी राहतात आणि पाऊल मागं टाकत दोर ओढतात. शेवटचा माणूस दोराची गुंडाळी करतो आणि पुन्हा पाण्याजवळ पुढं येऊन दोर धरतो. तासभर तरी हे चालतं. जाळ्याचा घोळ जवळ आला की पाणी एकाएकी चमचमायला लागतं आणि घारी-बगळे वर घिरट्या घालतात. मग तारली, बांगडे, पेडवे, कधी मुठीएवढ्या कुर्ल्या (खेकडे), आणि हल्ली बरंच प्लास्टिकही. मासळीचे वाटे रापणीतल्या माणसांत पडतात. ओढायला हात लावलात तर कोणी नाही म्हणत नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं या लोकांच्या पोटावर कसा पाय आलाय, हे ऐकायचं असेल तर तिथंच वाळूत बसून ऐका.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. होड्या लागतात, टोपल्या आणि क्रेट वाळूत ओतले जातात, भोवती कडं धरून उभ्या असलेल्या बायका आकडे पुकारतात. मासळी विकणाऱ्या याच बाया सकाळी बाजारात बसतात. लिलावात आपण बोली लावायची नसते. लिलाव सुटल्यावर त्यांच्यापैकी एकीकडून घ्यायचं. “आज काय गावलां?” एवढं विचारलं तरी पुढचं संभाषण त्या चालवतात.

लहान मासळी वजनावर मिळत नाही, वाट्यावर मिळते. एक वाटा म्हणजे समोर लावलेला एक ढीग. भाव ऐकून एकदम निम्म्यावर येऊ नका, “वर दोन घाला” म्हणा, ते चालतं. बांगडा उचलून बघा: डोळा फुगीर आणि काळाभोर हवा, कल्ला उघडल्यावर लाल, बोटानं दाबलं तर खड्डा राहू नये, आणि आडवा धरला तर शेपटी लोंबू नये. कुर्ली हातात घेऊन वजन बघा, हलकी लागली तर आत पाणी. अंडी असलेली शेवंड (लॉबस्टर) आणि अगदी लहान मासळी घेऊ नका. साफ करून देणाऱ्या बायका बाजारातच असतात, त्यांचे पैसे वेगळे.

खानावळीत बसल्यावर नजर पहिल्यांदा सुरमई आणि पापलेटवर जाते. ते मासे तुम्हाला पुण्या-मुंबईतही मिळतात. इथं येऊन खायचे ते लहान आणि स्वस्त मासे. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेली मुडदुशी (लेडीफिश). लेपो, हा चपटा मासा. ओलं खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. सुंगटांची (कोळंबीची) आमटी, त्यात आंबटपणाला कैरी किंवा सोलं. मोरीचं मटण, म्हणजे लहान शार्क माशाचा रस्सा, वडे किंवा आंबोळीबरोबर. हे फलकावर नसतं बऱ्याचदा, विचारावं लागतं. “आज सकाळचं काय आहे?” असं विचारून जे उत्तर येईल ते घ्या.

थाळीत तळलेला तुकडा, सार, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी असते. कुर्ल्या, शेवंड, मोठं पापलेट यांचे भाव आकारावर ठरतात, तव्यावर जाण्याआधी विचारून घ्या. सोलकढी मंद गुलाबी आणि नारळाच्या रसाची चव असलेली हवी. दुपारी दोननंतर गर्दीच्या खानावळीत उरलंसुरलं मिळतं, साडेबारालाच बसा. एक जेवण मात्र घरगुती मुक्कामातच घ्या. तिथं मसाला कमी आणि मासा जास्त लागतो.

बरोबर शाकाहारी असेल तर तो उपाशी राहत नाही. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे, फणसाची भाजी, काजूची उसळ, कुळथाची पिठी, घावणे आणि नारळाची चटणी. खानावळीत मात्र तवा एकच असतो, ज्यांना ते चालत नाही त्यांनी घरगुती जेवण सांगून ठेवावं.

तिसरा दिवस आणि परतीचं सामान

तिसरा दिवस मोकळा ठेवा. वारा बिघडला आणि पहिल्या दोन दिवसांतलं काही हुकलं तर ते इथं करता येतं. काहीच हुकलं नसेल तर सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर जा. तिथं पाणी उथळ आहे, शेजारी रॉक गार्डन. मग बाजारपेठेत. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांची जुनी दुकानं अजून आहेत.

खरेदीत मालवणी खाजा, कोकम आगळ (कोकमाचा दाट रस), मालवणी मसाला, काजू, उकडे तांदूळ, तिरफळं. आगळ घेताना मीठ घातलेलं की बिनमिठाचं ते विचारा, सोलकढीचं मीठ त्यावर ठरतं. मसाला घरी कांडलेला मिळाला तर थोडाच घ्या, सहा महिन्यांत वास उतरतो. सुके मासे घेणार असाल तर बांगडा, सोडे आणि सुकट कडकडीत वाळलेले बघा, हाताला ओलसर लागले तर सोडून द्या. ते आधी वर्तमानपत्रात, मग दोन पिशव्यांत बांधून घ्या, नाहीतर रात्रीच्या डब्यातले शेजारी तुमच्याशी बोलणार नाहीत. विमानानं जाणाऱ्यांनी आगळाची बाटली चेक-इनच्या सामानात टाकावी, हातातल्या बॅगेतून ती काढून घेतात.

मालवणहून कुडाळ स्टेशन गाठायला दोन तास हाताशी ठेवा. रस्ता तासाभराचा आहे, पण सुट्टीच्या दिवशी चौक्याच्या आसपास गाड्या तुंबतात, आणि संध्याकाळी रिक्षा आयत्या वेळी मिळत नाही. ती सकाळीच सांगून ठेवा.